पहिले सुवर्णपदक

मुंबई बेटाच्या पूर्व किनाऱ्यालगत, शिवडी आणि रे रोड या दोन स्थानकांच्या मध्ये, कॉटन ग्रीन नावाचे एक लहानसे स्थानक आहे. ‘कॉटन’ म्हणजे कापूस आणि ‘ग्रीन’ म्हणजे हिरवळीचे मैदान. आज तेथे हिरवळ शोधू जाणाऱ्याची निराशाच होईल. पूर्वी कोटातील चर्चसमोरच्या मोकळ्या मैदानावर कापसाच्या गाठी रचून ठेवीत, त्यावरून हे नाव पडले. पुढे कापसाचा व्यापार तेथून कुलाब्यास गेला, आणि विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात समुद्र हटवून तयार केलेल्या शिवडीकडील भूमीवर आला. जागा बदलली, हिरवळ मागे राहिली. नाव मात्र कापसाबरोबर गाठोड्यात बांधून आणल्यासारखे येथवर आले.

येथे कापसाच्या बाजाराची मोठी इमारत उभी राहिली व तिच्या भोवती वखारींच्या रांगा लागल्या. आजच्या मापाने कापसाची एक गाठ १७० किलो वजनाची असते. अशा गाठींचे डोंगर चढविणारे आणि उतरविणारे हमाल, आणि त्याच कापसाचे सूत व कापड करणारे काळाचौकी, लालबाग, परळ येथील गिरणी कामगार, हे बहुतेक सारे घाटावरून आणि कोकणातून आलेले. गावाकडे दोन-चार गुंठे जमीन, तीवर खाणारी तोंडे दहा, आणि बहुधा डोक्यावर सावकाराचे कर्ज. लहानशा खोलीत दहा-पंधरा जणांनी पाळीपाळीने झोपावे, खाणावळीत जेवावे, आणि महिन्याच्या पगारातून घरी मनीऑर्डर धाडावी, असा त्यांचा जीवनक्रम असे. मनोरंजनासाठी भजन होते, शक्ती-तुरा होता, तमाशा होता आणि सिनेमा होता. लालबागचे ‘भारतमाता’ चित्रपटगृह तर कामगारांचे मराठी चित्रपटांचे घर म्हणूनच ख्यातीस चढले.

कर्ज, हातची जाणारी जमीन आणि दूर राहिलेली आई, या तीन गोष्टी ज्यांना पुस्तकातून शिकाव्या लागल्या नाहीत, अशा लोकांच्या या वस्तीपासून काही कोसांच्या आतच १९५३ साली दोन चित्रपट तयार झाले. एक मराठी, दुसरा हिंदी. पुढच्याच वर्षी या दोघांची गाठ एका मोठ्या स्पर्धेत पडली.

स्वतंत्र भारताच्या शासनाने ठरविले होते की, प्रतिवर्षी देशातील उत्तम चित्रपटांचा गौरव करावा. चित्रपट पाहावयास लोकांची झुंबड उडते म्हणून तो उत्तम, असा निकष न लावता कला, तंत्र, शिक्षण आणि संस्कृती या दृष्टींनी तो कोणत्या पायरीवर उभा आहे हे पाहावे, असा त्यामागील हेतू होता. १९५३ या वर्षात ज्यांना प्रदर्शनाचे प्रमाणपत्र मिळाले तेच चित्रपट पहिल्या स्पर्धेस पात्र धरण्यात आले. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही तेव्हाची चित्रपट-निर्मितीची तीन मोठी केंद्रे होती. तेथील समित्यांनी आपापल्या भागातील चित्रपट पाहून निवड करावी, आणि अखेरचा निर्णय मध्यवर्ती समितीने द्यावा, अशी व्यवस्था होती. सर्वोत्कृष्ट कथाचित्रपटास राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळावयाचे होते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. हा सन्मान चित्रपटाचा होता. नटाचा वा नटीचा नव्हता. नायक कोण, नायिका कोण, त्यांचे मोल किती, याला या स्पर्धेत स्थान नव्हते. नटनट्यांना वेगळे राष्ट्रीय पुरस्कार देण्याची प्रथा १९६७ च्या चित्रपटांपासून सुरू झाली.

आता त्या दोन चित्रपटांकडे वळू.

हिंदी चित्रपटाचे नाव ‘दो बिघा जमीन’. दिग्दर्शक बिमल रॉय हे बंगालमधून मुंबईस आलेले. कथा सलिल चौधरी यांची, संगीतही त्यांचेच. शंभू महतो नावाचा एक गरीब शेतकरी आहे. त्याची दोन बिघे जमीन जमीनदाराच्या जमिनीच्या मधोमध येते. जमीनदाराला तेथे शहरातील भांडवलदाराच्या साहाय्याने गिरणी उभारावयाची आहे, म्हणून त्याला तो तुकडा हवा आहे. शंभू ‘नाही’ म्हणतो. तेव्हा जमीनदार कर्जाची वही उघडतो. शंभूच्या हिशेबाने देणे निघते पासष्ट रुपये. घरातील किडूकमिडूक विकून तो ते घेऊन जातो, तर वहीत आकडा दिसतो दोनशे पस्तीस! शंभूला लिहिता वाचता येत नाही. अंगठा कोठे उठविला आणि त्यावर मागाहून काय लिहिले गेले, हे त्याला कसे कळावे? न्यायालय तीन महिन्यांची मुदत देते. पैसे मिळविण्यासाठी तो कलकत्त्यास जातो आणि माणसाने ओढावयाची रिक्षा ओढू लागतो. त्याचा लहान मुलगा कन्हैया बुटांना पॉलिश करतो.

शंभूची भूमिका बलराज साहनी यांनी केली. ते उच्चशिक्षित गृहस्थ. शेतकऱ्याच्या आणि रिक्षावाल्याच्या देहाला जे वळण पडते ते आपल्या देहास यावे म्हणून त्यांनी कलकत्त्याच्या रस्त्यावर खरोखरीची रिक्षा ओढण्याचा सराव केला. पडद्यावर त्यांची छाती भात्यासारखी वरखाली होताना दिसते, ती म्हणूनच खरी वाटते. शंभूच्या वृद्ध पित्याची भूमिका नाना पळशीकर या मराठी नटाने केली होती. शेवटी काय होते? मुदत टळते, जमिनीचा लिलाव होतो, आणि शंभू परत येतो तेव्हा त्याच्या शेतावर कारखान्याचे बांधकाम चाललेले असते. कुंपणाआडून तो मूठभर माती उचलतो. पहारेकरी तीही टाकावयास लावतो. चित्रपटात याहून मोठा आवाज करणारे प्रसंग आहेत. याहून खोल जाणारा नाही.

कॉटन ग्रीनच्या वखारीत राबणाऱ्या माणसाला ही कथा दोन्ही अंगांनी ठाऊक होती. गिरणी एकाची जमीन खाते आणि दुसऱ्याच्या पोटाला देते. पुष्कळदा हे दोघे एकाच घरातले असतात.

मराठी चित्रपट होता ‘श्यामची आई’. त्याची कथा प्रथम तुरुंगात लिहिली गेली. साने गुरुजी, म्हणजे पांडुरंग सदाशिव साने, हे १९३३ साली स्वातंत्र्यलढ्यात भाग घेतल्याबद्दल नाशिकच्या तुरुंगात होते. त्यांचा जन्म १८९९ सालचा, कोकणातील पालगडचा. फेब्रुवारी महिन्यात, दिवसाचे काम आटोपल्यावर, रात्री बसून त्यांनी आपल्या आईच्या आठवणी झपाट्याने लिहून काढल्या. ९ तारखेस प्रारंभ केला आणि १३ तारखेपर्यंत त्यांतील बहुतेक भाग कागदावर उतरला. पुस्तक प्रसिद्ध झाले १९३५ साली. श्याम नावाचा तरुण आपल्या सोबत्यांना रोज रात्री एकेक आठवण सांगतो, अशी त्याची मांडणी असल्यामुळे त्यातील प्रकरणांना ‘रात्र’ असे नाव आहे.

या आठवणींतील आई कोणी राणी नव्हे, विदुषी नव्हे. पाण्याला भिऊन लपून बसलेल्या श्यामला ती छडीने मारीत विहिरीकडे पिटाळते, आणि तो पोहून आल्यावर त्याच्या पाठीवरील वळ पाहून व्याकूळ होते. अंघोळीनंतर ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून श्याम हट्ट धरतो, तेव्हा ती आपला पदर धोंड्यावर पसरते. आणि मग पायांना जपतोस तसे मनालाही जप, एवढेच त्याला सुचविते. हे प्रसंग महाराष्ट्रात घरोघर सांगितले गेले आहेत. परंतु त्याच पुस्तकाचा उत्तरार्ध पुष्कळांच्या लक्षातून सुटतो. तो कर्जाचा आहे. घरावर जप्ती येते, अब्रू वेशीवर टांगली जाते, सावकाराचा माणूस दाराशी येऊन नको ते बोलतो, आणि त्या आघाताने खचलेली आई अंथरूण धरते. शिक्षणासाठी दूर गेलेला श्याम तिच्या अखेरच्या क्षणी जवळ नसतो. ‘दो बिघा जमीन’मधला शंभू आणि पालगडचे हे कुटुंब, दोघांचा वैरी एकच: वाढत जाणारे व्याज.

या पुस्तकाचा चित्रपट करण्याचे आचार्य प्रल्हाद केशव अत्रे यांनी मनावर घेतले, याचे अनेकांना नवल वाटावे असेच होते. अत्रे हे विनोदाचे सम्राट. ‘झेंडूची फुले’ लिहून कवींची टवाळी करणारे, ‘ब्रह्मचारी’सारखा हसून पोट दुखविणारा चित्रपट लिहिणारे, सभेत प्रतिपक्षाची रेवडी उडविणारे. परंतु अत्रे मूळचे शिक्षक होते. मुलांना काय भिडते हे त्यांना वर्गात कळले होते. निर्मिती आणि दिग्दर्शन दोन्ही त्यांनीच केले. साने गुरुजी मात्र हा चित्रपट पाहावयास राहिले नव्हते. १९५० च्या ११ जूनला त्यांचे निधन झाले होते.

आईच्या भूमिकेसाठी अत्र्यांनी वनमाला यांची निवड केली. वनमाला ग्वाल्हेरकडच्या, सुशिक्षित घरातल्या. ‘सिकंदर’ या १९४१ च्या भव्य ऐतिहासिक हिंदी चित्रपटातील रुखसानाच्या वेषात लोकांनी त्यांना पाहिले होते. भरजरी पोशाख उतरवून नऊवारी लुगडे नेसलेली, चुलीपुढे बसलेली गरीब कोकणी ब्राह्मण स्त्री त्यांनी उभी केली, आणि पुढे लोक त्यांना श्यामची आई म्हणूनच ओळखू लागले. श्याम झाले माधव वझे. मोठेपणी ते इंग्रजीचे प्राध्यापक आणि नाट्यसमीक्षक म्हणून नावारूपास आले. संगीत वसंत देसाई यांचे. एका लहान भूमिकेत ‘प्रबोधन’कार केशव सीताराम ठाकरेही दिसतात. ६ मार्च १९५३ रोजी चित्रपट प्रदर्शित झाला.

स्पर्धेचे वर्ष उजाडले तेव्हा पारडे कोणाचे जड दिसत होते? पाहणाऱ्याने निःशंकपणे ‘दो बिघा जमीन’कडे बोट दाखविले असते. २१ मार्च १९५४ रोजी मुंबईतच, धोबीतलावाजवळच्या मेट्रो चित्रपटगृहात, फिल्मफेअर नियतकालिकाच्या पुरस्कारांचा पहिला समारंभ झाला. त्या वेळी पुरस्कार अवघे पाच होते. सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला ‘दो बिघा जमीन’ आणि सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक बिमल रॉय. त्याच वर्षी फ्रान्समधील कान नगरीच्या जगप्रसिद्ध महोत्सवातही या चित्रपटाला आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले. हिंदी भाषा देशभर समजणारी, नट प्रसिद्ध, कीर्ती सातासमुद्रापलीकडे गेलेली. याच्यासमोर कोकणातल्या एका गरीब आईची मराठी कथा! बंगालमधून देवकी बोस यांचा ‘भगवान श्रीकृष्ण चैतन्य’ हाही चित्रपट होता, आणि देवकी बोस हे तर जुने, मान्यवर दिग्दर्शक.

१० ऑक्टोबर १९५४ रोजी दिल्लीत राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिले पुरस्कार प्रदान झाले. सर्वोत्कृष्ट अखिल भारतीय कथाचित्रपट म्हणून राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले ‘श्यामची आई’ला. ‘दो बिघा जमीन’ आणि ‘भगवान श्रीकृष्ण चैतन्य’ यांना गुणवत्तेची प्रशस्तिपत्रे देण्यात आली.

म्हणजे एकाच वर्षी मुंबईत आणि कानमध्ये एका चित्रपटाचा गौरव झाला, आणि दिल्लीच्या परीक्षकांनी दुसऱ्याला वर बसविले. यात कोणी चुकले का? धावण्याच्या शर्यतीत पहिला कोण हे फीत सांगते. तेथे वादाला जागा नसते. चित्रपटांच्या स्पर्धेत फीत नसते. तेथे परीक्षकांसमोर ठेवलेली कसोटी निकाल घडविते, आणि दिल्लीच्या कसोटीत कलेच्या जोडीला शिक्षण आणि संस्कृती यांना स्थान होते. बिमल रॉय यांचा चित्रपट अन्यायाकडे बोट दाखवून थांबतो, आणि पाहणारा अस्वस्थ होऊन घरी जातो. अत्र्यांचा चित्रपट त्याच अन्यायाच्या छायेत एक मूल कसे घडते हे दाखवितो. तंत्राच्या सफाईत, बाह्य चित्रणाच्या धीटपणात पहिला सरस आहे हे मराठी माणसानेही मोकळेपणाने मान्य करावे. पण दुसऱ्याजवळ जे आहे ते नुसत्या सफाईने येत नाही. दोन्ही पाहावेत, मग सुवर्णपदक कोणाला द्यावयाचे याचा निकाल ज्याने त्याने स्वतः करावा.

त्या पहिल्या वर्षाची आणखी एक नोंद मुलांना विशेष वाटेल. उत्कृष्ट बालचित्रपटासाठी पंतप्रधानांचे सुवर्णपदक ठेवलेले होते. परंतु त्या पदकाला शोभेल असा चित्रपट परीक्षकांना आढळला नाही! ‘खेलाघर’ नावाच्या एका चित्रपटाला प्रशस्तिपत्र देऊन ते पदक तसेच राखून ठेवण्यात आले. एवढ्या मोठ्या देशात वर्षभरात मुलांसाठी एकही सुवर्णपदकाच्या तोलाचा चित्रपट होऊ नये, ही गोष्ट मोठ्यांना खाली मान घालावयास लावणारी होती.

अत्रे यशाने थांबले नाहीत. पुढच्या वर्षी त्यांनी ‘महात्मा फुले’ हा चित्रपट सादर केला आणि दुसऱ्या वर्षीच्या पुरस्कारांत मराठीतील सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून त्याला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. देशातील सर्वोच्च मान त्या वेळी ‘मिर्झा गालिब’ला लाभला, आणि तिसऱ्या वर्षी सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’ला. पुढे १९७३ च्या चित्रपटांपासून पदकाच्या जागी ‘सुवर्णकमळ’ आले.

मराठी चित्रपटाला मात्र तो सर्वोच्च मान पुन्हा मिळावयास दीर्घ काळ जावा लागला. १९५३ च्या चित्रपटानंतर थेट २००३ चा! तो चित्रपट ‘श्वास’, दिग्दर्शक संदीप सावंत. यातही कोकणच आहे. परशुराम या लहान मुलाच्या डोळ्यांत कर्करोग झाला आहे. जीव वाचवावयाचा तर डोळे काढावे लागतील. आजोबा त्याला मुंबईच्या डॉक्टरांकडे आणतात. शस्त्रक्रियेपूर्वी नातवाने जग एकदा डोळे भरून पाहावे म्हणून ते कोणालाही न सांगता त्याला रुग्णालयातून बाहेर नेतात. आजोबा अरुण नलावडे यांनी आणि नातू अश्विन चितळे याने साकारला; अश्विनला उत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

नंतर ‘श्वास’ला आणखी मोठ्या रिंगणात उतरावे लागले. अमेरिकेत ऑस्कर नावाचे पुरस्कार दिले जातात. त्यांत परभाषेतील चित्रपटांसाठी एक विभाग असतो, आणि त्यासाठी प्रत्येक देशाने आपला एकच चित्रपट पाठवावयाचा असतो. २००४ साली भारताने ‘श्वास’ पाठविला. पण चित्रपट धाडला म्हणजे काम संपत नाही. तेथील परीक्षकांनी तो पाहावा म्हणून लॉस एंजेलिसमध्ये खेळ लावावे लागतात, जाहिराती द्याव्या लागतात. त्याला लागणारा पैसा या निर्मात्यांजवळ कोठला? तेव्हा लोकांनी वर्गणी काढली. सचिन तेंडुलकर यांनी आपली बॅट लिलावासाठी दिली. शाळांतील मुलांनीही हातभार लावला. एखाद्या देशाच्या चित्रपटासाठी असे धान्य गोळा केल्यासारखे पैसे जमावेत, हे दृश्य विरळाच.

इतके करूनही अखेरच्या पाच चित्रपटांत ‘श्वास’ची वर्णी लागली नाही. २००५ च्या फेब्रुवारीत तो पुरस्कार स्पेनच्या ‘द सी इनसाइड’ या चित्रपटाने जिंकला. भारताचे चित्रपट त्या अखेरच्या पाचांत तीनदाच पोहोचले आहेत: मेहबूब यांचा ‘मदर इंडिया’, मीरा नायर यांचा मुंबईच्या रस्त्यावरील मुलांवरचा ‘सलाम बॉम्बे’ आणि आशुतोष गोवारीकर यांचा ‘लगान’. तिन्ही वेळा पुरस्कार दुसऱ्या देशाकडे गेला. ऑस्करची बाहुली प्रथम हाती घेणारी भारतीय व्यक्ती मात्र कोल्हापूरची होती. ‘गांधी’ या चित्रपटाच्या वेशभूषेसाठी भानू अथैया यांना १९८३ साली तो मान मिळाला. ‘लगान’मधील शेतकऱ्यांची धोतरे आणि मुंडाशीही त्यांच्याच देखरेखीखाली सिद्ध झाली होती.

‘श्वास’नंतर मराठीसाठी दार उघडल्यासारखे झाले. २०११ च्या चित्रपटांत ‘देऊळ’ने हा सर्वोच्च राष्ट्रीय पुरस्कार ‘ब्यारी’ या चित्रपटाबरोबर वाटून घेतला. २०१४ च्या चित्रपटांत तो मान ‘कोर्ट’ला मिळाला. मुंबईच्या कामगार वस्तीत गाणाऱ्या एका वृद्ध लोकशाहिरावरील खटल्याची ती कथा. २०१६ च्या चित्रपटांत सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘कासव’ सर्वोत्कृष्ट ठरला.

दरम्यान साने गुरुजींची कथा पुन्हा एकदा पडद्यावर आली. सुजय डहाके यांनी २०२३ साली ‘श्यामची आई’ नव्याने चित्रित केला, आणि रंगांचा काळ असूनही तो कृष्णधवलच ठेवला. त्या वर्षीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो मराठीतील सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. पहिल्या वर्षी ज्या बालचित्रपटाच्या पदकाला धनी मिळाला नव्हता, त्या मानाचे सुवर्णकमळही या वेळी एका मराठी चित्रपटाने आणले. त्याचे नाव ‘नाळ २’. त्यातील बालनटांनाही उत्कृष्ट अभिनयाचा पुरस्कार मिळाला, आणि २३ सप्टेंबर २०२५ रोजी दिल्लीत राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते हे पुरस्कार प्रदान करण्यात आले.